निमूला गार ठेव

आमच्या शहरात धावायला बंदी होती. मोठ्यानं हसायला, दोरीवरच्या उड्या मारायला, ओरडून गाणं म्हणायला, सगळ्यालाच. भांडण तर सोडाच. भांडताना माणूस जास्त श्वास घेतो आणि हवा म्हणे सगळ्यांची. मी जन्माची तोंडाळ, त्यामुळे शाळेतला माझा अर्धा वेळ कोपऱ्यात उभं राहून हळू श्वास घेण्यात गेला. अजूनही कुणी मला ‘शांत हो’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

कागदोपत्री शहराचं नाव अभयनगर. आम्ही मुलं त्याला झाकण म्हणायचो. सह्याद्रीच्या माथ्यावर, एका जुन्या धरणाच्या काठी, काचेचं आणि पोलादाचं भलंमोठं झाकण, आणि त्याच्याखाली आम्ही. बाहेरच्या हवेत बुरशी होती. पूर्वी ही बुरशी झाडांवर, पावावर, भिंतींवर वाढायची. माणसाच्या अंगात शिरायची तिची हिंमत नव्हती, कारण माणसाचं अंग गरम असतं. मग दुनियाच तापत गेली आणि बुरशीही उष्णता सोसायला शिकली. तिचे बीजाणू फुप्फुसात रुजायला लागले. आजीच्या लहानपणी लोक खोकून खोकून पटापट मेले, आणि ज्यांच्याकडे काच होती, पोलाद होतं, त्यांनी स्वतःवर झाकण घालून घेतलं.

इथवर सगळं शाळेत शिकवायचे. पुढचं शिकवायचे ते अभिमानानं.

झाकणाखाली हवा मोजकी, अन्न मोजकं, माणसं मात्र दुप्पट. तेव्हा कुणा शास्त्रज्ञांनी थंडीत झोपून राहणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूचा अभ्यास केला. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, अंग किती गरम ठेवायचं ते तो ठरवतो. त्याला फसवणारं एक औषध त्यांनी शोधलं. सदतीस अंशांचं अंग तेहतीसवर आणायचं. अंग थंड झालं की श्वास कमी लागतो, भूक कमी लागते, माणूस कमी चिडतो. एकाच्या हवेत दोघं जगतात. त्या औषधाला आम्ही नुसतं ‘थेंब’ म्हणायचो. बाळाच्या जिभेवर पहिल्या दुधाआधी थेंब पडायचा, आणि मग रोज सकाळी, मरेपर्यंत. शोध लावणाऱ्यांचे पुतळे चौकात उभे होते. आता वाटतं, त्यांना एकदा हाताला धरून बाहेर न्यायला हवं होतं.

असो. मला सांगायचंय ते निमूबद्दल.

निमू आमचा धाकटा भाऊ. खरं नाव निमिष. आम्ही तिघं भावंडं: वैदेही ताई सगळ्यात मोठी, सतराची, मी ऊर्मी मधली, अकराची, आणि निमू शेंडेफळ, सातवं लागायला आलेलं. त्याच्यावर थेंब चालत नव्हते. का ते देव जाणे. जन्मला तेव्हापासून तो गरम. आईच्या मांडीवर ठेवला तेव्हा ती दचकली होती म्हणे, नर्सला कळू नये म्हणून तिनं त्याला आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं.

आमच्याकडे गरम असणं ही चोरी होती. दुसऱ्याची हवा पिणारा तो गरम. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत धातूची पट्टी होती, तिला सगळे उंबरा म्हणायचे. त्यावर पाय ठेवला की अंग मोजलं जायचं. हिरवा दिवा लागला की पुढे जा. पिवळा लागला की शिपाई यायचे आणि निववणीघरात न्यायचे. शेजारच्या शौनकला नेलं होतं. तो परत आला, पण जिथं बसवाल तिथं बसून राहायचा. त्याची आई त्याला भरवायची आणि म्हणायची, ‘बघा ना, किती गुणी झालाय.’

म्हणून आमच्या घरी रोज सकाळी एक काम असायचं. आधी आई करायची. मग आईचं हृदय मंदावत मंदावत थांबलं. झाकणाखाली पुष्कळ जण तसेच जायचे. जाताना तिनं ताईचा हात धरून एवढंच सांगितलं, ‘निमूला गार ठेव.’ तेव्हापासून ताईच करायची. नळाच्या थंड पाण्यात फडकं पिळायचं, निमूच्या मानेवर, काखेत, तळपायांवर फिरवायचं. तो खिदळायचा, ‘ताई, गार! ताई, पुरे!’ मग ती विचारायची, ‘उंबरा कसा होणार?’ आणि निमू आवाज न करता टाळ्या वाजवत म्हणायचा, ‘हिरवा!’ अंगावरचा गारवा टिकतोय तोवर उंबरा गाठायचा, आणि तेही घाई न दाखवता. मला ते कधीच जमलं नाही. ताई मात्र निमूचं बोट धरून अशी चालायची की वाटावं, बाई भाजी आणायला निघाल्यात.

बाबांना सगळं माहीत होतं. ते गाळण्यांच्या खात्यात होते, हवा गाळणाऱ्या यंत्रांवर. पण ते कशातच नव्हते. घरात आले की बसायचे, वाढलं की जेवायचे. मी एकदा चिडून म्हटलं, ‘बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना!’ तर म्हणाले, ‘काय बोलू?’ रागानं नव्हे हो. त्यांना खरंच सुचत नव्हतं.

आणि मग निमूच्या मोठ्या मोजणीची तारीख आली. सातवं लागलं की मुलाला एक पूर्ण दिवस मोजणीच्या खोलीत ठेवायचे. तिथं ओलं फडकं कोण पोचवणार? ज्या दिवशी निरोप आला त्या दिवशी ताई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मला म्हणाली, ‘ऊर्मी, आपण बाहेर जायचं.’

‘बाहेर म्हणजे कुठे?’

‘बाहेर म्हणजे बाहेर. झाकणाच्या.’

माझ्या हातातलं ताट सटकलं. ‘अगं, बाहेर मरतात!’

‘इथं काय करतात?’ ती म्हणाली. ‘शाळेच्या वरच्या मजल्यावरून मी धूर बघितलाय. खाली रानात, घाटाच्या तोंडाशी. रोज एकाच जागी, सकाळी आणि संध्याकाळी. रान पेटलं तर धूर असा वेळेवर निघेल का? ती चूल आहे. चूल आहे म्हणजे माणसं आहेत.’

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी नेहमीसारखा वाद घालायचीच विसरले.

दुपारी जेवणानंतर सगळं शहर आडवं व्हायचं. शांतवेळ म्हणायचे तिला. दिवे मंद, गल्ल्या ओस, सगळ्यांनी पाठीवर पडून हळू श्वास घ्यायचा. निमूला पुसून आम्ही त्या वेळी निघालो. मेलेल्यांना बाहेर सोडायचा एक बोळ होता, आईलाही तिथूनच नेलं होतं. त्या बोळात एकही उंबरा नव्हता. मढ्याचं अंग कशाला मोजतील? शेवटच्या दाराला कुलूपही नव्हतं, नुसती एक कळ. आत यायला हजार अडथळे होते, पण बाहेर कोण शहाणा जाणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

घरातून निघताना बाबा आपल्या खाटेवर पडले होते. डोळे उघडे. त्यांनी आमच्याकडे बघितलं, निमूच्या पाठीवरचं गाठोडं बघितलं, आणि डोळे मिटून घेतले. मला तेव्हा त्यांचा संताप आला. नंतर वाटलं, त्या माणसाला जेवढं जमलं तेवढं त्यानं केलं. तरी अजून मी त्यांना माफ केलेलं नाही.

ताईनं बरोबर भाकऱ्या घेतल्या, फडकी घेतली आणि थेंबांची बाटली घेतली. ‘बाहेर थेंब कुठून मिळणार?’ ती म्हणाली. मलाही ते किती शहाणपणाचं वाटलं!

कळ दाबली, दार सरकलं, आणि वाऱ्यानं आमच्या तोंडावर थापडच मारली. वारा म्हणजे काय ते आम्हाला माहीत नव्हतं. भाद्रपदाचे दिवस होते. समोर उतार, उतारावर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा नजर पोचेल तिथवर, आणि सगळं हलत होतं. मी दाराला धरून उभी राहिले. ताईनं माझा दंड धरला. आणि आमचा निमू, त्यानं काय करावं? तो धावला.

त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं कुणाला धावताना पाहिलंही नव्हतं. तो उतारावरून सुसाट सुटला, धडपडला, उठला, पुन्हा सुटला, आणि ओरडत सुटला, नुसता ‘आऽऽ’ करून. ताईच्या तोंडून सवयीनं ‘शूऽऽ’ निघालं. मग ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. ताईला मोठ्यानं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहायला मिळालं नाही, म्हणून ते सांगून ठेवते.

धुराच्या रोखानं आम्ही रानात उतरलो. मी आणि ताई सारख्या थकून बसत होतो. थंड अंगाला चढ-उताराची ताकद कुठली? निमू आमच्याभोवती गोल गोल पळत होता. रोज सकाळी ताई आम्हा तिघांच्या जिभेवर थेंब टाकायची, आणि ओढा दिसला की फडकं ओलं करून निमूला पुसायची.

‘आता कशाला पुसतेस?’ मी एकदा विचारलं. ‘इथं कुठे उंबरा आहे?’

‘आईनं सांगितलंय,’ ती म्हणाली. विषय संपला.

धुराशी पोचलो तेव्हा एक कुडाची झोपडी होती, अंगणात शेळ्या, आणि एक धिप्पाड म्हातारी कोयत्यानं काटक्या तोडत होती. तिचं नाव तुळसाबाई. आम्हाला बघून तिनं कोयता खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. ‘आली का गं अजून झाकणातली पाखरं,’ ती म्हणाली. आमच्याआधीही कुणी कुणी आलं होतं, हे तेव्हा कळलं. ते आता कुठे आहेत, हे विचारायचं मला सुचलं नाही. ताईला सुचलं असेल, पण तिनं विचारलं नाही.

तुळसाबाईनं माझा हात धरला, आणि आम्ही दोघीही एकदम किंचाळलो. माझ्यासाठी तिचा हात निखारा होता, आणि ती म्हणत होती, ‘आगं आई गं! मढ्यावानी गार हाय ही पोर!’ ताईनं मला मागे ओढलं आणि माझ्या कानात म्हणाली, ‘हात लावू देऊ नकोस. तिला ताप आहे. केवढा ताप आहे!’ मग म्हातारीनं निमूच्या गालाला हात लावला. तिचा चेहरा बदलला. ‘ह्ये लेकरू आपल्यातलं हाय,’ ती म्हणाली. ‘ह्ये जगंल.’

आमच्याबद्दल ती काही बोलली नाही.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. मला हे पुष्कळ उशिरा कळलं, झाकणातून पळून आलेल्या एका डॉक्टरबाईंकडून. ती बुरशी सदतीस अंशांना जेमतेम तग धरते. ती फुप्फुसात शिरली की गरम माणसाला ताप येतो, अंग एकोणचाळीस, चाळीसपर्यंत चढतं, आणि त्या उष्णतेत ती मरते. बाहेर वाचलेली माणसं अशीच वाचली, तापून. आणि तेहतीस अंश? तेहतीस अंश म्हणजे तिचं माहेर. म्हणजे बाहेरची हवा आम्हाला मारत होती ती आम्ही थंड होतो म्हणून, आणि आम्हाला थंड केलं होतं झाकणात राहता यावं म्हणून. थेंब सोडले तर लहान मुलाचा मेंदू पुन्हा शिकतो, अंग हळूहळू तापवतो. वाढ पुरी होत आलेल्याचा नाही शिकत. तो बदामाएवढा भाग तसाच गोठून राहतो.

म्हणजे आम्हा तिघांत, काही न करता, कुणी बोट न लावता जो जगणार होता, तो निमू.

थोड्याच दिवसांत निमूला ताप भरला. सकाळपासून तो मलूल होता. दुपारपर्यंत त्याचं अंग असं भाजायला लागलं की त्याला धरणंच होईना. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही ताप कधी बघितलाच नव्हता. झाकणात ताप म्हणजे सगळ्यात वाईट. ताप म्हणजे शिपाई, ताप म्हणजे निववणीघर.

तुळसाबाईनं मात्र त्याला काळ्या घोंगडीत गुंडाळलं, चुलीजवळ निजवलं, वर जाळ वाढवला. ‘तापू दे त्याला. झुंजतंय ते,’ ती म्हणाली. ‘म्या वरच्या वाडीवरनं आलं-मिरी घिऊन येते. तवर घोंगडी काढू नगा. काय झालं तरी काढू नगा. ऐकलंस का गं थोरले?’

ताईनं मान डोलावली.

म्हातारी गेली. निमू घोंगडीत वळवळायला लागला. ‘ताई, गरम होतंय. ताई, फडकं दे.’ ताई त्याच्याशेजारी बसली होती, दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे आवळून. तो रडायला लागला. ‘ताई, फडकं दे ना. ताई, उंबरा पिवळा होईल.’

आता सांगा. तुम्ही काय केलं असतं? एकीकडे कालपरवा भेटलेली म्हातारी, जिचं स्वतःचं अंग आम्हाला तापाचं वाटत होतं. दुसरीकडे आईचा शब्द. सहा वर्षं रोज सकाळी केलेलं, ज्यानं तो वाचला होता ते एकमेव काम. आणि समोर आपलं लेकरू भाजून निघतंय.

‘ती वेडी आहे,’ ताई उठत म्हणाली. ‘आगीजवळ ठेवलंय त्याला! मारणार ती त्याला. ऊर्मी, दार उघड.’

तिनं निमूला उचललं आणि झोपडीमागच्या ओढ्यावर नेलं. ऊन लख्ख पडलं होतं. पाणी बर्फासारखं. तिनं त्याला मानेपर्यंत पाण्यात बसवलं, स्वतः त्याला धरून पाण्यात बसली, आणि त्याच्या डोक्यावर ओंजळी ओंजळींनी पाणी घालत राहिली. निमूचे दात वाजत होते, पण तो रडायचा थांबला. ताईनं त्याच्या जिभेवर थेंब टाकले, रोजच्यापेक्षा जास्त. आणि ते चढत गेलेलं अंग खरोखरच उतरायला लागलं. ‘बघ!’ ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ‘बघ, उतरला की नाही!’ मीही बघितलं. मलाही इतकं हायसं वाटलं की मी काठावरच बसून ढसाढसा रडले.

तुळसाबाई परत आली तेव्हा निमू ताईच्या मांडीवर शांत झोपला होता, ओल्या केसांनी. म्हातारीच्या हातातली पुरचुंडी खाली पडली.

‘काय केलंस गं बये!’

‘ताप उतरला त्याचा,’ ताई अगदी मऊ आवाजात म्हणाली. ‘गार झालाय.’

त्यानंतर निमू तापला नाही. म्हातारीनं काय नाही केलं? घोंगड्या घातल्या, दगड तापवून पायांशी ठेवले, शेळीचं दूध पाजलं. अंग तापायलाच तयार होईना. आयुष्यात पहिल्यांदा ते थेंब त्याच्यावर चालले होते, की त्याची ताकदच संपली होती, मला माहीत नाही. मग खोकला सुरू झाला. मग खोकल्यातून राखी रंगाचं काहीतरी पडायला लागलं. निमू जायच्या आदल्या दिवशी ताईनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मला हाक मारली. ‘ऊर्मी, हात लावून बघ. आपल्यासारखाच लागतोय.’ खरंच लागत होता. त्या दिवशी त्याला उंबऱ्यावर उभं केलं असतं तर दिवा हिरवा लागला असता.

त्याला आम्ही सोनकीच्या उतारावर पुरलं, जिथून तो धावत आला होता तिथे.

मी म्हातारीवर ओरडले. घोंगडी काढू नका एवढंच का सांगितलं, का काढायची नाही ते का नाही सांगितलं, असं ओरडले. ती बिचारी ऐकून घेत राहिली. तिला वाटलं होतं, तापलेल्या पोराला थंड पाण्यात घालू नये हे कुणाला सांगावं लागतं? तिच्या लेखी ते सांगायची गोष्टच नव्हती. आणि आमच्या लेखी त्याला पाण्यात घालू नये, ही कुणी ऐकलेली गोष्ट नव्हती.

काही दिवस गेले. एका दुपारी तुळसाबाई नाचणी दळत होती, तेव्हा ताईनं सरळ विचारलं, ‘मावशी, मी त्याला पाण्यात नेलं नसतं तर?’

जातं थांबलं. म्हातारीनं तिच्याकडे बघितलं नाही. ‘त्ये कुणाला ठावं, पोरी,’ ती म्हणाली, आणि पुन्हा दळायला लागली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. ताईला ते कळलं, मला कळलं. ताई उठली, थेंबांची बाटली आणली, चुलीतल्या राखेत पालथी केली आणि काठीनं राख ढवळली.

थेंब बंद झाले आणि काही दिवसांनी मला ताप भरला. हा तोच ताप, मला जगवणारा. मी घोंगडीत पडून तडफडत होते. अंगात कुणी निखारे भरलेत असं वाटत होतं. मी शिव्या दिल्या, म्हातारीला, झाकणाला, मेलेल्या आईलासुद्धा. आणि मी ताईकडे फडकं मागितलं. ‘ताई, फडकं. ताई, एकदाच.’ निमूसारखंच मागितलं असणार, कारण ताईच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी अजून विसरलेले नाही.

ती उठून तुळसाबाईपुढे गेली आणि दोन्ही हात पुढे केले. ‘मावशी, बांधून ठेवा.’

‘काय बाई येड्यावानी...’

‘बांधा म्हणते ना! माझे हात माझं ऐकणार नाहीत.’

म्हातारीनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि ताईचे हात झोपडीच्या मेढीला, मधल्या खांबाला, बांधले. ताई माझ्यापासून लांब बसली, तिच्या थंड अंगाचा गारवाही मला लागू नये म्हणून. मी मागत राहिले, ती बसून राहिली. ताप उतरला आणि मी डोळे उघडले तेव्हा ती तशीच बसलेली होती, मनगटं सोलवटलेली. तिनं हसायचा प्रयत्न केला. ‘गरम आहेस?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, हो.

‘मग बरं झालं,’ ती म्हणाली, आणि खोकली.

मला वाटलं होतं की मी तिला वाचवीन. काय काय ठरवलं मी! तिला मिठी मारून बसायचे, रात्रंदिवस, माझी ऊब तिच्यात जाईल म्हणून. जात नव्हती. माझी ऊब निघून जायची आणि ती तशीच राहायची. मी तिच्यावर चिडायचे, ‘अगं तापव ना अंग! जरा तरी प्रयत्न कर!’ जणू काही ते तिच्या हातात होतं. ती म्हणायची, ‘करतेय गं.’

शेवटी शेवटी तिला भान राहिनासं झालं. त्या सकाळी मी तिचं तोंड पुसायला गेले. माझा हात तिच्या गालाला लागला आणि ती दचकली. डोळे मोठे झाले. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं.

‘ऊर्मी! तुला ताप आलाय!’ ती घाबरून कुजबुजली. ‘आता उंबरा पिवळा होईल गं. फडकं कुठंय? फडकं आण, चटकन. निमूला उठवू नकोस.’

तुळसाबाई दारात उभी होती. तिनं मान हलवली, तिला काही सांगत बसू नको, म्हणून.

मी ओढ्यावर गेले. तोच ओढा. फडकं बुडवलं, पिळलं आणि आणून ताईच्या हातात दिलं. मग तिच्यापुढे बसले, मान वाकवली, हात वर केले. तिनं आधी मानेवर फिरवलं, मग काखेत, मग तळपायांवर. तिला दम लागत होता, पण तिनं काही सोडलं नाही. फडकं खूप गार होतं. मी मुळीच हलले नाही.

‘उंबरा कसा होणार?’ तिनं विचारलं.

मी आवाज न करता टाळ्या वाजवल्या. ‘हिरवा,’ मी म्हटलं. ‘हिरवा झाला, ताई.’

‘हं,’ ती म्हणाली. ‘मग चला सावकाश. घाई दिसू देऊ नका.’